दुसरा खंड

“आज जे होणार आहे त्याच्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही, भाभी. आधीच सांगून ठेवतो,” असं म्हणत दिनानाथ बिडव्यांनी शेळीपालनाचं पुस्तक उघडलं, चष्मा पुसला आणि समुद्रावरची कादंबरी वाचायला सुरुवात केली.

समोरच्या पानावर ‘खुरांची निगा’ असा मथळा होता. पावसाळ्यापूर्वी शेळीचे खूर धारदार सुरीने कापावेत, वाढू दिल्यास जनावर लंगडते, वगैरे. दिनानाथांचं बोट त्या ओळींवरून नेमानं डावीकडून उजवीकडे फिरत होतं आणि तोंड बोलत होतं, “‘बावीस दिवसांनी वारा पडला. रघू तांडेलानं सुकाणूवरचा हात काढायला घेतला, तर मूठ उघडेना. लाकडाला धरून धरून बोटं तशीच आखडली होती...’”

“बावीस?” समोरच्या खुर्चीतून जाहिदाभाभी म्हणाल्या. “मागच्या गुरुवारी तर अठराच झाले होते.”

“मधे चार दिवस बेशुद्ध होता.”

“बेशुद्ध होऊन सुकान धरून बसला?”

“तोच तर रघू तांडेल!”

भाभींनी मान हलवली. पटलं म्हणून की तांडेलाच्या काळजीनं, ते कळायला मार्ग नव्हता. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात घरून आणलेलं सांदण, डोक्यावर पिस्ता रंगाची ओढणी आणि डोळे मिटलेले. त्या ऐकायच्या तेव्हा डोळे मिटूनच ऐकायच्या. दिनानाथांचं अर्धं काम त्यामुळेच सोपं झालं होतं. पुस्तकात सतरा ठिकाणी शेळ्यांची चित्रं होती आणि चित्र ओळखायला कुठली शाळा लागत नाही. चित्र आलं की दोन पानं एकदम उलटायची, हे त्यांनी पहिल्याच गुरुवारी ठरवून टाकलं होतं.

ही खोली कामोठ्याच्या सार्वजनिक वाचनालयाच्या पहिल्या मजल्यावर. तिच्यात जाफर मुकादमांची सतराशे चाळीस पुस्तकं, त्यांच्याच घरची पाच काचेची कपाटं आणि डांबराच्या गोळ्यांचा त्यांच्याच घरचा वास. तीन वर्षांपूर्वी जाफरभाई गेले. वर्षभरानं भाभींनी आणि लेकीनं, उझमानं, सगळा संग्रह वाचनालयाला दिला. दारावरची पाटी रंगवताना पेंटरनं हाताच्या सवयीनं ‘कै. जाफर मुकादम ग्रंथदालन’ असं लिहून टाकलं. भाभी उर्दू शाळेत चार यत्ता शिकलेल्या. त्यांना काही ते वाचता येईना. उझमानं वाचून दाखवलं, अर्थ सांगितला, तशा त्या तोंडाला ओढणी लावून हसल्या. म्हणाल्या, “राहू दे गो. मुरूडच्या पुढं कधी गेले नाय, आता कैलास तरी बघतील.” समितीला मात्र घाम फुटला. तासाभरात ‘कै.’ पुसून ‘मरहूम’ घातलं, पण घाईत मारलेल्या रंगाखालून ते ‘कै.’ अजून डोकावतं.

जाफरभाई बंदरात भरती-ओहोटीच्या नोंदी ठेवणारे कारकून. पस्तीस वर्षं काठावर बसून पाणी किती चढलं आणि किती उतरलं ते लिहिलं. बाद झालेले समुद्राचे नकाशे घरी आणायचे आणि पुस्तकांना कव्हरं घालायचे. त्यामुळे कपाट उघडलं की सगळीकडे तोच फिकट निळा रंग. पुस्तक कुठलं ते पाठीवरचं मुंगीएवढं अक्षर वाचेपर्यंत कळायचं नाही. आत समासात पेन्सिलीचे शेरे. कथा-कादंबरीत कुणी समुद्राबद्दल चुकीचं लिहिलेलं त्यांना खपायचं नाही. ‘या दिवशी या वेळी एवढे पाणी नसते.’ ‘लेखकाने खाडी पाहिलेली दिसत नाही.’ एका थोर पुस्तकात तर ‘हा माणूस इथेच बुडाला असता, पुढील प्रकरणे व्यर्थ’ असंही लिहून ठेवलंय.

आणि संध्याकाळी, असरची नमाज झाली की, ते बायकोला वाचून दाखवायचे. आधी स्वतः एकदा वाचायचं, शेरे मारायचे, मग तिला शेऱ्यांसकट ऐकवायचं. चाळीस वर्षांत भाभींनी ग्रॅज्युएट माणसाला लाजवेल इतकं मराठी कानानं वाचलं होतं.

दिनानाथ त्या घरचे तेव्हापासूनचे. मूळ बार्शीचे, महाप्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. थापा मारण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या ठाणे-बेलापूर रस्त्यावर नव्हता. कारखान्याच्या गोडाउनात शिरलेल्या बिबट्याकडून आपण गेटपासवर पंजाचा ठसा घेतला आणि मगच त्याला बाहेर सोडला, हे ते इतक्या गंभीरपणे सांगायचे की ऐकणारा गेटपासचा रंग विचारायचा. (गुलाबी. डुप्लिकेट कॉपी.) जाफरभाई पोट धरून हसायचे आणि स्वयंपाकघरातून भाभींचा आवाज यायचा, “खोटं!” तो आवाज आला की थाप पुरी झाली असं दिनानाथ समजायचे.

पण एक थाप त्यांनी अशी मारली की तिच्यावर स्वयंपाकघरातून ‘खोटं’ आलं नाही.

गोष्ट दोन खंडांच्या एका जुन्या कादंबरीची. छपाई बंद होऊन तिला जन्म लोटला. पहिल्या खंडाच्या शेवटी रघू तांडेलाचं गलबत वादळात सापडतं आणि किनाऱ्यावर त्याची बायको सगुणा दिवा घेऊन उभी राहते. जाफरभाईंनी पहिला खंड भाभींना वाचून दाखवला, तेव्हा दुसरा दिनानाथांकडे होता. पुस्तक कुणाला दिलं की कपाटात त्या जागी पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा उभा करायचा, त्यावर नेणाऱ्याचं नाव घालायचं आणि पुस्तक परत आलं की पुठ्ठा फाडायचा, अशी जाफरभाईंची रीत. तो एक पुठ्ठा उभाच राहिला. वर्षं गेली. मुकादम मंडळी उरणहून कामोठ्याला फ्लॅटमध्ये आली, कपाटं आली, पुठ्ठाही आला.

मग जाफरभाई आजारी पडले. एका संध्याकाळी, दिनानाथ समोर बसलेले असताना, म्हणाले, “दिनानाथराव, तो दुसरा खंड आणा बघू. हिला शेवट ऐकवायचाय. सगुणा बिचारी बारा वर्षं उभी आहे दिवा घेऊन.”

आणि दिनानाथांच्या तोंडून गेलं, “अहो, परत दिला की! तुम्ही घरात नव्हता. भाभींच्या हातात दिला.”

का गेलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हरवला म्हणून सांगायला बारा वर्षांचा उशीर झाला होता, एवढंच. ते कान टवकारून बसले. आता स्वयंपाकघरातून आवाज येईल. आला नाही. भाभी हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “माझ्या हातात? मग इकडं येताना ती रद्दी काढली, त्यात गेलं असंल. मला मेलीला काय कळतंय, कुठलं पुस्तक नि कुठला पेपर.”

जाफरभाईंनी दिनानाथांकडे पाहिलं. मग बायकोकडे पाहिलं. म्हणाले, “जाऊ दे. चहा टाक.”

पुढं तीन महिन्यांनी ते गेले.

ग्रंथदालन लावायला दिनानाथच पुढे. कपाटं मांडताना पहिल्या खंडाशेजारी त्यांना तो पुठ्ठा सापडला. फाडलेला नव्हता. एका बाजूला जाफरभाईंच्या अक्षरात, ‘दिनानाथ. दुसरा खंड.’ दुसऱ्या बाजूला त्याच पेन्सिलीनं, पण आजारपणातल्या थरथरत्या हातानं, ‘परत मागू नये.’

दिनानाथ तिथंच फरशीवर बसले. खाली रिक्षावाला कुणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होता, ते भांडण मिटून रिक्षा निघून गेली तरी ते बसलेलेच होते. मग त्यांनी पुठ्ठा पाकिटात घातला. तेव्हापासून तो पाकिटातच आहे. मधोमध घडी पडलीय.

एवढ्यावर निभावलं असतं. पण भाभी दर गुरुवारी खोलीत यायला लागल्या. उझमा महाप्याला ऑफिसात. गुरुवारी ती लवकर सुटायची, आईला स्कूटरवरून इथं सोडायची आणि आपली कामं उरकून साडेपाचला न्यायला यायची. भाभी कपाटांवरून हात फिरवायच्या आणि खोलीत जो कोणी असेल, शाळकरी पोर असो नाहीतर स्पर्धा परीक्षेचा मुलगा, त्याला पहिल्या खंडाशेजारची फट दाखवून सांगायच्या, “हितं एक पुस्तक होतं. ते मी रद्दीत घातलं. ह्यांना शेवटी तेच वाचायचं होतं.” न विचारता सांगायच्या. दर वेळी. नळाचं पाणी कधी येतं ते सांगावं तसं.

सहा गुरुवार दिनानाथांनी ऐकून घेतलं. सातव्या गुरुवारी त्यांच्यानं राहवलं नाही. त्यांनी खालच्या कप्प्यातून त्याच आकाराचं, त्याच निळ्या कव्हरातलं, हाताला लागलं ते पुस्तक ओढलं आणि ओरडले, “भाभी! हे काय! सापडलं की! मागच्या बाजूला पडलं होतं!”

भाभींनी ते पुस्तक दोन्ही हातांत घेतलं. कपाळाला लावलं, डोळ्यांना लावलं. मग म्हणाल्या, “म्हंजे मी नाय घातलं रद्दीत.”

“छे हो. तुम्ही कशाला घालाल!”

दिनानाथांना वाटलं, संपलं. एक खोटं दुसऱ्यानं पुसून निघालं. तेवढ्यात भाभींनी पुस्तक त्यांच्या पुढ्यात ठेवलं, खुर्ची ओढली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “वाचा.”

पहिले तीन गुरुवार आठवणीवर निघाले. दिनानाथांनी खरा दुसरा खंड चाळीसएक पानं वाचला होता. चौथ्या गुरुवारी आठवण संपली आणि रघू तांडेल भर समुद्रात त्यांच्या एकट्याच्या भरवशावर उरला. त्यांनी जुन्या पुस्तकांची दुकानं धुंडाळली, पुण्याच्या भाच्याला, सौरभला, पेठापेठांतून फिरवलं. पहिला खंड तीन ठिकाणी मिळाला. दुसरा कुठंच नाही. मग काय करणार? त्यांनी गलबताला मासा आडवा घातला, बेट घातलं, बेटावर एका डोळ्यानं आंधळा बोलका पोपट घातला. दर गुरुवारी घरून निघताना ठरवायचे, आज खरं सांगून टाकायचं. दर गुरुवारी भाभी डबा उघडायच्या, डोळे मिटायच्या आणि तांडेल आणखी एका संकटात सापडायचा.

“दुसरा खंड पयल्यापेक्षा जरा जास्तच धावतो, नाय?” भाभी एकदा म्हणाल्या होत्या.

“लेखकाचा हात बसला असेल,” दिनानाथ म्हणाले होते.

वाचनालयाच्या सुचित्रा मॅडमना सगळं ठाऊक होतं. सतराशे चाळीस पुस्तकांवर लेबलं त्यांनीच चिकटवली होती. त्या गप्प होत्या, पण आज दुपारी त्यांनी दिनानाथांना टेबलापाशी गाठलं होतं.

“काका, दालनातल्या पुस्तकांची यादी छापून आलीय. उझमा मॅडम आज साडेपाचला ती न्यायला येणार.”

“बरं मग?”

“मग काय बरं? त्या आईला घरी वाचून दाखवणार. पहिला खंड आहे, दुसरा नाही. शेळीपालन मात्र आहे.”

दिनानाथांनी खिशातलं पाकीट चाचपलं.

“टेन्शन घेऊ नका. पाचपर्यंत गलबत किनाऱ्याला लावतो. आणि मग सांगतो.”

“काय सांगता?”

“खरं.”

सुचित्रा मॅडमनी यादीवर स्टेपलर मारला. “चार महिने ऐकतेय मी हे. त्या आजी तुम्हाला माफ करतील हो, काका. पण आधी तुमच्याकडून ऐकू दे त्यांना. कागदावरून नको.”

म्हणून आज दिनानाथ घाईत होते. पाच वाजून गेले होते. त्यांनी ‘खुरांची निगा’ उलटलं, चित्राचं पान चुकवलं, ‘विण्याची लक्षणे’ वर आले आणि रघू तांडेलाला घराकडे वळवलं.

“‘किनारा दिसला तेव्हा गलबतावर सातजण उरले होते. अमावस्येची रात्र सरत होती. खाडीच्या तोंडाशी एक बारीकसा उजेड हलत होता. रघूनं ओळखला. बारा वर्षांत त्या दिव्याची जागा हातभरही सरकली नव्हती...’”

भाभींचे डोळे मिटलेलेच होते, पण पापणीच्या कडेला पाणी चमकलं. दिनानाथांचाही आवाज जरा ओलसर झाला. थाप मारणाऱ्यालाही आपली थाप लागते कधीकधी. त्यांनी पान उलटलं.

“‘पहाटेचे सहा वाजले. भरतीचं पाणी तुडुंब चढलं होतं. त्या पाण्यावर झुलत गलबत खाडीत शिरलं आणि...’”

“थांबा.”

दिनानाथ थांबले.

“अमावस्या म्हनालात ना?”

“हो. अमावस्या.”

“आनि पहाटे सहाला भरती?”

“तसंच लिहिलंय.”

भाभींनी डोळे उघडले. “समासात काय लिहिलंय ह्यांनी?”

“समासात?” दिनानाथांनी पानावर नजर टाकली. “काही नाही.”

“कायच नाय?”

“नाही.”

“दिनानाथभाऊ,” भाभी सावकाश म्हणाल्या, “आमच्या उरनात पाळन्यातल्या पोराला ठावं हाय. अमावस्या-पुनवेला दुपारी बाराला पानी भरतं. सकाळी सहाला खाडीत नुसता चिखल असतो, होडी पन निघत नाय. आनि हितं गलबत आत आलं, भरलेल्या पान्यावर, आनि ह्यांनी समासात कायच लिहिलं नाय? पेन्सिल मोडली असती ह्यांची ह्या पानावर.”

त्यांनी हात पुढे केला. दिनानाथांनी पुस्तक छातीशी धरलं, मग त्यांना ते फार वेडगळ दिसतंय असं वाटलं आणि त्यांनी ते दिलं. भाभींनी एकेक पान उलटलं. पेन्सिलीची रेघ नाही. आणखी चार पानं. मग चित्र आलं. ठळक, पानभर. शेळी, तिच्या पोटाखाली दोन करडं आणि बाजूला धोतर नेसलेला समाधानी माणूस.

भाभी चित्राकडे पाहत राहिल्या. बाहेरच्या वाचनकक्षात कुणीतरी खुर्ची सरकवली.

दिनानाथ वाट पाहत होते. काहीही चाललं असतं. चिडल्या असत्या, रडल्या असत्या, पुस्तक फेकलं असतं तरी चाललं असतं. भाभींनी पुस्तक मिटलं, कव्हर हातानं सारखं केलं आणि म्हणाल्या, “म्हंजे सापडलं नाय ते.”

“भाभी...”

“म्हंजे मीच घातलं रद्दीत.”

एवढंच. आवाजही चढला नाही. खांद्यावरून उतरवून ठेवलेलं ओझं पुन्हा उचलावं तशा त्या खुर्चीत किंचित पुढे वाकल्या.

“नाही,” दिनानाथ म्हणाले. “माझ्याकडे होतं.”

भाभींनी पाहिलं.

“मी परत दिलंच नव्हतं. तुमच्या हातात तर नाहीच नाही. तुम्ही ईदला जेवायला बोलावलं होतं, उरणच्या घरी. आठवतं? मी आदल्या दिवशी मुंबईला बहिणीकडे होतो, शालनकडे. सकाळी भाऊच्या धक्क्यावरून लाँच धरली. पुस्तक परत करायलाच आणलं होतं, शपथ घेतो. ओहोटी होती. लाँच मोऱ्याच्या धक्क्यापर्यंत जाईना. मग अलीकडेच थांबवून होडीत उतरवायला लागले. मी पाय टाकला, होडी हलली, काखेतलं पुस्तक पडलं.”

“पान्यात?”

“पाण्यात पडलं असतं तर बरं होतं. चिखलात पडलं. उभंच्या उभं. धक्क्यापासून पंधरा पावलांवर असेल. कुणी आत उतरायला तयार नाही. कमरेपर्यंत रुतायला होतं म्हणे. वाऱ्यानं पानं उलटत होती. म्हणजे कुणी वाचत बसलंय असं दिसत होतं. मी धक्क्यावर बसलो. मग पाणी यायला लागलं. आधी कव्हराला लागलं, मग... दीड तास लागला. मग दिसेना. मग मी तुमच्याकडे आलो आणि जेवलो.”

त्यांनी आयुष्यात कुठलीच गोष्ट इतकी वाईट सांगितली नव्हती. हात हलला नाही, आवाज बदलला नाही, मधे एकदा शब्दच सापडेना. सांगून झाल्यावर त्यांना वाटलं, आपण भलत्याच कुणाची तरी गोष्ट वाचून दाखवली.

मग दिनानाथांनी पाकीट काढलं, पुठ्ठा काढला, घडी उलगडली आणि त्यांच्या हातात दिला.

“हे बघा. जाफरभाईंचा पुठ्ठा. पुस्तक परत आलं असतं तर त्यांनी फाडला असता.”

भाभींनी पुठ्ठा डोळ्यांजवळ नेला. अक्षर वाचता येत नव्हतं, पण कुणाचं ते त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी अंगठ्यानं पेन्सिलीच्या रेघांवरून अलगद हात फिरवला, पुसेल अशा भीतीनं मधेच थांबवला.

“ह्यांचंच अक्षर. काय लिहिलंय?”

“‘दिनानाथ. दुसरा खंड.’”

भाभींनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, मांडीवरच्या शेळीपालनाकडे पाहिलं आणि दिनानाथांकडे पाहिलं. आणि त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात, जाफरभाई गेल्यापासून दिनानाथांनी न पाहिलेलं, जुनं स्वयंपाकघरातलं हसू आलं.

“ह्ये पन तुमीच वाचनार,” त्या म्हणाल्या, “आनि मी ऐकनार.”

दिनानाथांनी रिकामं पाकीट मिटलं.

खाली स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजला. उझमा आली होती. भाभी उठल्या. डबा दिनानाथांच्या पुढ्यात ठेवला; दोन सांदणं उरली होती. पुठ्ठा त्यांनी जपून पर्समध्ये, चष्म्याच्या घराच्या मागे ठेवला.

“ह्यो मी नेते हां. उझमाला दाखवीन. बापाचं अक्षर म्हनून तिच्याकडं कायच नाय, सगळं हितंच दिलं आपन.”

पुठ्ठ्याची दुसरी बाजू त्यांनी उलटून पाहिली नव्हती. उझमा पाहील आणि वाचूनही दाखवील, ‘परत मागू नये.’ दिनानाथांचा हात टेबलावरून अर्धा उठला. एक शब्द पुरला असता. सतराशे चाळीस पुस्तकांच्या खोलीत, दालनाचा नियम आहे, वस्तू बाहेर जात नाही, एवढं म्हटलं तरी भाभींनी पुठ्ठा निमूट परत ठेवला असता. हात तसाच राहिला. मग तो डब्याच्या झाकणावर जाऊन बसला.

“सांभाळून न्या,” ते म्हणाले.

दारापाशी, त्या अर्धवट पुसलेल्या पाटीखाली, भाभी वळल्या.

“पुढच्या गुरुवारी येते. गलबत अजून खाडीच्या तोंडाशीच हाय. बाराच्या भरतीला आत घ्या त्याला.”

दिनानाथांनी मान हलवली.

“आनि दुसऱ्याचं पाप आपल्या डोक्यावर घ्यायला एवढं लांबून लाँचनं यायची काय गरज होती? मी आत्ता चिखल बोलले, तर लगेच चिखल आला गोष्टीत. पुस्तक उभं राहिलं म्हने! आनि ह्ये दीड तास बघत बसले!”

त्यांनी ओढणी सारखी केली. आणि मग बाहेरच्या कक्षातल्या वाचणाऱ्यांनी माना वर कराव्यात, काउंटरवर यादी घेऊन उभ्या असलेल्या सुचित्रा मॅडमनीही वळून पाहावं, इतक्या मोठ्यानं, पूर्वी स्वयंपाकघरातून म्हणायच्या तश्शा म्हणाल्या,

“खोटं!”